पहिली मोटार कुणाची?

दरवर्षी मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास मला दोन-तीन फोन येतात. 'मॅडम, आमच्याकडे एजंट-बेस्ड मॉडेलिंगवर पाच दिवसांची कार्यशाळा ठेवली आहे, तुम्ही याल का?' मी जाते. मानधन बरं असतं, जेवण चांगलं असतं आणि हुशार मुलंमुली भेटतात. पहिल्या दिवशी नेटलोगो उतरवून घ्यायचं. वाय-फाय चालत नाही म्हणून पेन ड्राइव्ह फिरवायचा. दुसऱ्या दिवशी लांडगे आणि मेंढ्या. तिसऱ्या दिवशी 'आपापल्या विषयातलं मॉडेल' सुरू करायचं, चौथ्या दिवशी ते अडायचं, आणि पाचव्या दिवशी स्लाइड्स, प्रमाणपत्रं, पायऱ्यांवर उभं राहून ग्रूप फोटो. सहा-आठ महिन्यांनी त्यांतल्या एखाद्याचा पेपर छापून येतो, त्यात माझे आभार मानलेले असतात. ते वाचून मला हल्ली धडकी भरते.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना भांडायचं आहे त्यांना शेवटपर्यंत थांबावं लागणार नाही. आपण हा विषय उलट्या टोकानं शिकवतो आहोत. साधन आधी, प्रश्न नंतर, आणि 'हा नियम तुला कुणी सांगितला?' हे विचारणं कधीच नाही. अशा रीतीनं शिकलेल्या माणसाच्या हाती मॉडेल दिलं की आपल्याला आधीपासून जे वाटत होतं तेच तो संगणकाकडून वदवून घेतो. मीही घेतलेलं आहे, आणि त्याची किंमत मी एकटीनं मोजली नाही.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एजंट म्हटल्यावर आमच्या मावशीला एलआयसी आठवली होती, पण इथे एजंट म्हणजे संगणकातलं एक पात्र: शेतकरी, मुंगी, भाडेकरू, पेशी, काहीही. त्याला चार-दोन नियम द्यायचे. 'पाणी असेल तर मोटार चालू कर.' 'शेजारी आवडले नाहीत तर घर बदल.' अशी शेकडो पात्रं एका पटावर सोडायची आणि पाहत बसायचं. एकेकट्याच्या नियमात कुठेही लिहिलेलं नसतं असं काहीतरी गर्दीत घडू लागतं. क्रेग रेनल्ड्सनं १९८७ साली अशा तीन साध्या नियमांवर पडद्यावर पक्ष्यांचे थवे उडवून दाखवले. त्या थव्यांना पुढारी नव्हता. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही जादू वाटते, आणि गोची तिथेच आहे. जादूच्या प्रयोगाला गेलेला माणूस टाळ्या वाजवतो, टोपी उलटी करून पाहत नाही.

विहिरी

सातेक वर्षांपूर्वीची गोष्ट. जालना जिल्ह्यातल्या एका गावात भूजलावर काम करणाऱ्या गटात मी होते. गावाचं नाव सांगत नाही, संस्थेचंही नाही. खाली काळा कातळ, त्यातल्या भेगांत साठेल तेवढंच पाणी, वर कापूस, हरभरा आणि ज्यांना परवडतं त्यांची मोसंबी. आम्ही एकसष्ट विहिरी-बोअरची नोंद केली: कुणाची, किती खोल, मोटार किती हॉर्सपॉवरची, जमीन किती एकर, पीक कोणतं. त्यावरून मी पायथनमध्ये मॉडेल लिहिलं. एकसष्ट शेतकरी, खाली एक सामायिक साठा चौकोनांत वाटलेला, एक पायरी म्हणजे एक दिवस. प्रत्येक शेतकरी आपल्या वाट्याच्या चौकोनात पाणी आहे का बघतो, असेल तर पिकाला लागेल तेवढं उपसतो. शेजारच्या चौकोनातून पाणी हळूहळू झिरपत येतं.

निकाल झकास आला. जानेवारी उजाडेपर्यंत लहान शेतकऱ्यांच्या विहिरी कोरड्या पडू लागत आणि मोठ्यांच्या मार्चपर्यंत चालत. दोन रेषा सुरुवातीला एकत्र जाणाऱ्या, मग कात्री उघडावी तशा फाकणाऱ्या. मी तो आलेख एका परिषदेत दाखवला तेव्हा जेवणाच्या सुट्टीत चार जण येऊन बोलले. आमच्या संस्थेनं त्यावरून शिफारस तयार केली: पाच एकरांच्या वर जमीन असणाऱ्यांनी संक्रांतीनंतर एक दिवसाआड उपसा करावा. ती मांडायला आम्ही गावात बैठक घेतली. देवळापुढच्या पारावर सतरंजी, प्रोजेक्टरसाठी भिंतीवर चादर.

मी बोलून झाल्यावर मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात वर केला. सगळे त्यांना नाना म्हणत. दोन एकरवाले, म्हणजे आमच्या हिशेबानं आम्ही ज्यांची बाजू घेत होतो त्यांच्यातलेच.

"ताई, एक इचारतो. तुमच्या त्या कम्प्युटरमधी पह्यली मोटार कोनाची चालू होती?"

मी म्हटलं, "सगळ्यांच्याच होतात, नाना. रोज."

"तसं नाही. एकदम का एकामागून एक?"

मला उत्तर देता येईना. 'तांत्रिक बाब आहे, नंतर बोलू' असं काहीतरी म्हणाले. नाना काही बोलले नाहीत. पण आपण प्रश्न विचारला आणि समोरच्याला तो कळला नाही, हे त्यांना कळलं होतं.

रात्री लॉजवर लॅपटॉप उघडला. मॉडेलमध्ये शेतकऱ्यांची यादी होती आणि रोज त्या यादीवरून वरून खाली जायचं, एवढं सरळ लिहिलेलं होतं. यादी यायची ती एक्सेलमधून. एक्सेलचा तक्ता सहकाऱ्यानं अहवालात नीट दिसावा म्हणून जमिनीप्रमाणे लावलेला होता, सगळ्यांत मोठा वर. म्हणजे माझ्या संगणकात वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस पहिली मोटार गावातल्या सगळ्यांत मोठ्या शेतकऱ्याची चालू होई आणि एकसष्टावा उरलंसुरलं उपसे. मी दोन ओळी बदलून रोजचा क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा पिसून घेतला आणि पुन्हा चालवलं. कात्री जवळपास मिटली. फरक उरला, पण तो अशा आकाराचा होता की परिषदेत कुणी उठून बोलायला आलं नसतं.

मग खरं काय होतं? दुसऱ्या दिवशी नानांकडे जाऊन बसले. त्यांनी सांगितलं ते आमच्या सगळ्या सर्वेक्षणात नव्हतं, कारण आम्ही ते विचारलंच नव्हतं. शेतीची थ्री-फेज लाईट पाळीनं येते, एका आठवड्यात काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची. रात्री उठून मोटार चालू करायला शेतात कोण जाणार, म्हणून बहुतेकांनी स्टार्टरला 'ऑटो' बसवलेलं. लाईट आली की त्या फीडरवरच्या सगळ्या मोटारी एका क्षणी चालू होतात. एवढ्या एकदम की डीपी जळते. तेव्हा क्रम असा नव्हताच. सगळे एकाच वेळी ओढत आणि ज्याचं बोअर खोल त्याला जास्त मिळे. बोअर किती खोल, हे जमिनीवर नाही तर किती कर्ज मिळालं आणि किती वेळा नशीब आजमावलं यावर ठरलेलं होतं. दोन एकरवाल्या नानांचं बोअर गावातल्या खोल बोअरपैकी एक होतं, आणि त्याचं देणं अजून फिटायचं होतं. शिवाय दोघा-तिघांनी प्लास्टिक अंथरलेली शेततळी केली होती. पावसाचं पाणी साठवायला म्हणून अनुदान घेतलेलं, पण भरत बोअरनंच. आमच्या मॉडेलमध्ये शेततळं हा शब्दही नव्हता.

यातला एक भाग मला अजून गंमतीशीर वाटतो. या विषयाच्या पुस्तकांत सांगतात की सगळ्या एजंटांनी एकाच क्षणी हालचाल करणं हे कृत्रिम आहे, जगात असं होत नाही, म्हणून क्रम पिसून घ्यावा. इथे महावितरणच्या वेळापत्रकानं आणि हजार-बाराशेच्या एका डबीनं ते तंतोतंत खरं केलं होतं. पुस्तकातली चांगली सवय लावून घेतली असती तरी मी चुकलेच असते, फक्त कमी चुकले असते.

दिशा तर बरोबर आहे ना

चूक सापडली, दुरुस्त केली, संपलं, असं झालं असतं तर मी हे लिहीत बसले नसते. पुण्याला परतल्यावर मी सगळ्यांना पत्र लिहिलं. त्यावर एक सहकारी म्हणाले, "अगं, आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण दिशा तर बरोबर आहे ना? मोठे लोक लहानांचं पाणी पळवतातच." ते वाईट गृहस्थ नव्हेत. आयुष्यभर लहान शेतकऱ्यांसाठी झटलेले आहेत. आणि ते म्हणाले तेच माझ्याही मनात होतं, म्हणून तर पहिल्या दिवशी मी कोड तपासला नव्हता. मॉडेलनं उलटं दाखवलं असतं, मोठ्यांच्या विहिरी आधी आटल्या असत्या, तर त्याच रात्री मी एकेक ओळ वाचून काढली असती. निकाल मनासारखा आला म्हणून माझी तपासणी थांबली.

पेपरला दुरुस्तीचं टिपण जोडलं गेलं ते दोन वर्षांनी. तोवर त्याचा आधार घेणारे इतर पेपर आले होते. गावानं शिफारस हसण्यावारी नेली, ते ठीकच झालं. पण पुढच्या वर्षी दुसऱ्या गटाचे लोक तिथल्या कातळाचा नीट अभ्यास करायला गेले. पाणी कुठे मुरतं, कुठे अडतं, हे त्या गावाला खरोखर हवं होतं. गावानं त्यांना विहिरी मोजू दिल्या नाहीत. 'मागं आले होते तसलेच दिसतात,' असं कुणीतरी म्हणालं. हे मला त्या गटातल्या मुलीनंच सांगितलं. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं.

तेव्हा 'दिशा बरोबर' या युक्तिवादाविरुद्ध मी भांडणार. मोठा शेतकरी लहानाला लुबाडतो असं म्हणायचं असेल तर ते म्हणायला संगणक लागत नाही. तसं सरळ म्हणावं आणि अंगावर घ्यावं. संगणक आणला की आपण वाचणाऱ्याला सांगत असतो की हे आमचं मत नाही, हे नियमांतून निघालं. ते यादीच्या क्रमातून निघालेलं असेल तर आपण खोटं बोललो. आणि त्यात भरीला खरं कारण, म्हणजे खोल बोअर आणि त्यामागचं कर्ज, आपण झाकून ठेवलं.

ही चूक माझ्यासारख्या अर्धवटांचीच असते असं मानायचं कारण नाही. मार्टिन नोवाक आणि रॉबर्ट मे यांनी १९९२ साली 'नेचर'मध्ये दाखवलं की स्वार्थी आणि सहकार्य करणारे खेळाडू पटावर शेजारी-शेजारी ठेवले तर सहकार्य टिकून राहतं, वर सुंदर गालिच्यासारखी नक्षीही उमटते. पुढच्याच वर्षी ह्यूबरमन आणि ग्लान्स यांनी दाखवलं की सगळ्यांनी एकाच क्षणी चाल करायची ही अट काढली तर, ज्या आकड्यांवर ती नक्षी दिसत होती तिथे, सहकार्य कोसळतं. मे हा त्या क्षेत्रातला दिग्गज. त्याचं मॉडेल कुणीतरी पुन्हा बांधून, एक किल्ली फिरवून पाहिलं म्हणून पुढची चर्चा सुधारली. आमच्या कार्यशाळांत नोवाक-मेंची नक्षी दाखवतात. ह्यूबरमन-ग्लान्सचं नाव मी एकाही वेळापत्रकात पाहिलेलं नाही. माझ्या स्वतःच्या वेळापत्रकातही चार वर्षं नव्हतं.

'म्हणजे कुणाचाच दोष नाही'

या विषयाचं 'नमस्कार, मी अमुक' म्हणजे थॉमस शेलिंगचं मॉडेल. १९७१ चं. चौकटींचा पट, दोन प्रकारची नाणी, काही रिकाम्या चौकटी. प्रत्येक नाण्याची मागणी माफक: शेजाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश तरी आपल्यासारखे असावेत. नसतील तर उठून दुसऱ्या रिकाम्या जागी जायचं. एवढ्यावर संपूर्ण पट दोन रंगांच्या वस्त्यांत फाटतो. शेलिंगला पुढे २००५ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पुण्यातल्या एका वर्गात मी हे चालवून दाखवलं तेव्हा एक मुलगा समाधानानं म्हणाला, "म्हणजे मॅडम, वस्त्या वेगळ्या होतात यात कुणाचाच दोष नसतो." मागच्या बाकावरची एक मुलगी तोपर्यंत गप्प होती. ती म्हणाली, "मला मागच्या महिन्यात चार घरमालकांनी आडनाव ऐकून नाही म्हटलं. या मॉडेलमध्ये नाही म्हणणारं कोण आहे?"

कुणीच नाही. शेलिंगच्या पटावर प्रत्येक नाणं आपल्या इच्छेनं उठतं आणि मोकळ्या जागी जाऊन बसतं; जागा कधी 'तुमच्यात नॉन-व्हेज चालतं का' असं विचारत नाही. हे शेलिंगलाही माहीत होतं. संघटित भेदभाव आणि पैशांतली विषमता यांनीही वस्त्या वेगळ्या होतात, आपण फक्त तिसरी, वैयक्तिक निवडीची वाट पाहतो आहोत, असं त्यानं लेखातच म्हटलं आहे. शिकवताना ती मर्यादा गळते आणि मुलाच्या हाती 'कुणाचाच दोष नाही' उरतं.

त्या दिवशी आम्ही ठरलेला कार्यक्रम सोडला आणि त्या मुलीचा नियम लिहिला. भाडेकरार संपला की घर बदलावंच लागतं. रिकाम्या घराभोवती एका विशिष्ट रंगाचं बहुमत असेल तर ते दुसऱ्या रंगाला नाकारतात. दुसऱ्या रंगाला नाकारायचा अधिकार नाही. पटावर पुन्हा वस्त्यांची ठिगळं उमटली. आधीचं चित्र आणि हे चित्र शेजारी ठेवलं तर लांबून सांगता येत नव्हतं कुठलं कोणाचं. या विषयातला सगळ्यांत महत्त्वाचा धडा हा, आणि तो लांडग्या-मेंढ्यांच्या आधी शिकवायला हवा: दोन वेगळे नियम एकच चित्र काढू शकतात. चित्र जुळलं म्हणजे कारण सापडलं असं नाही. जोशुआ एप्स्टाइन या पंथाचा मोठा प्रवक्ता. घटना पटावर 'उगवून' दाखवता आली नाही तर तिचं स्पष्टीकरण झालं नाही, असं तो मानतो. पण उगवली एवढ्यानं स्पष्टीकरण पुरं होतं असं तोही म्हणत नाही. आपण पहिला अर्धा भाग भिंतीवर लावतो आणि दुसरा विसरतो.

आणि एक नाव, जे मलाही फार उशिरा कळलं. शेलिंगचा लेख ज्या नियतकालिकात आला त्याच्याच पहिल्या वर्षात जेम्स सकोडाचा लेख आहे. तोही चौकटींच्या पटाबद्दल, शेजाऱ्यांबद्दलच्या ओढीबद्दल आणि तिरस्काराबद्दल. सकोडा जपानी वंशाचा अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच ज्या जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं, त्यांत तो होता. छावणीत राहून त्यानं तिथल्या माणसांचा अभ्यास केला आणि या विचाराची मुळं त्याच्या १९४९ च्या प्रबंधात आहेत. कुठल्या चौकटीत बसायचं हे ज्याला विचारलंही गेलं नाही, त्या माणसानंही हाच पट मांडला होता. शेलिंग अभ्यासक्रमात आहे, सकोडा बहुतेक ठिकाणी नाही.

आक्षेप

समीकरणवाले मित्र इथपर्यंत वाचून खूश झाले असतील. त्यांचं पहिल्यापासून म्हणणं आहे की हे व्हिडिओ गेम आहेत, गणित करा. त्यांना आठवण करून देते. २०२० च्या ऑक्टोबरात सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीनं, समीकरणांच्याच मॉडेलवरून, सांगितलं होतं की करोनाचा कळस सप्टेंबरात येऊन गेला आणि काळजी घेतली तर फेब्रुवारीपर्यंत साथ आटोक्यात येईल. २०२१ च्या एप्रिलमध्ये काय झालं ते मी कुणाला सांगायला नको. समीकरणांतही गृहीतकं असतात. ती ग्रीक अक्षरांत असल्यामुळे नानांना विचारता येत नाहीत, एवढाच फरक.

उलट त्याच साथीत बंगळुरूची आयआयएससी आणि मुंबईची टीआयएफआर यांनी मिळून या दोन शहरांची एजंट-बेस्ड मॉडेलं बांधली. मुंबईच्या मॉडेलमध्ये झोपडपट्टी आणि बाकीचं शहर वेगळं धरलं होतं, लोकलचा प्रवास वेगळा धरला होता. त्याच जुलैत तीन वॉर्डांत झालेल्या रक्त-तपासणीत झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांच्या आणि इतरत्र सुमारे १६ टक्के लोकांच्या शरीरात प्रतिपिंडं सापडली. ज्या मॉडेलला मुंबई म्हणजे एकच सरमिसळ वाटते, त्याला या दोन आकड्यांतलं अंतर दिसणारच नाही. म्हणून मी या विषयाच्या बाजूनंच बोलते आहे. माणसामाणसांतला फरक जिथे निर्णायक असतो तिथे हे साधन लागतंच. तक्रार शिकवण्याबद्दल आहे.

दुसरा आक्षेप नवा आहे आणि जास्त धोक्याचा. 'आता कोड शिकायची गरज काय, एआय लिहून देतं.' देतं खरं, बरंही देतं. पण माझं मॉडेल त्यानं लिहिलं असतं तर शेतकऱ्यांचा क्रम त्यानं ठरवला असता, आणि तो क्रम हा निर्णय आहे हे मला आणखीच उशिरा कळलं असतं. नेटलोगोही हेच करतं, जरा सभ्यपणे: 'आस्क' म्हटलं की तो दर वेळी क्रम स्वतःहून पिसतो. चांगली सोय आहे. पण तुमच्या वतीनं जगाबद्दल एक विधान केलं गेलं, आणि त्याखाली सही तुमची.

त्याच्याही पुढे जाऊन आता एजंटाचा मेंदूच भाषिक मॉडेलला देतात. २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा २५ पात्रांचं एक छोटं गाव वसवलं. ती पात्रं गप्पा मारतात, पार्टीची आमंत्रणं देतात. प्रयोग म्हणून भन्नाट. पण मागच्या कार्यशाळेत एक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, मराठवाड्यातला शेतकरी त्यालाच व्हायला सांगू, म्हणजे सर्वेक्षणाचा खर्च वाचेल." वाचेल की. त्या शेतकऱ्याला दुष्काळ ठाऊक असेल, कर्ज ठाऊक असेल, शेतकऱ्यांवर लिहिले गेलेले सगळे लेख ठाऊक असतील. म्हणजे माझ्या डोक्यात जे आधीच होतं, तेच तो माझ्यापेक्षा छान भाषेत परत सांगेल. आणि पारावर मागे बसून, हात वर करून, मला अडवणार नाही.

तर मग कसं शिकावं

नुसतं रडगाणं गायचं नाही, म्हणून मी आता काय करते ते लिहिते. काही आयोजकांनी यामुळे मला बोलावणं बंद केलं आहे.

पहिले दोन दिवस संगणक बंद. शेलिंगचा पट कागदावर, कॅरमच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या घेऊन. हातानं एकेक सोंगटी उचलताना तिसऱ्याच मिनिटाला कुणीतरी विचारतं, 'आधी कुठली उचलू?' हाच तो प्रश्न. पडद्यावर तो कधीच पडत नाही.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाचं तरी छापलेलं मॉडेल, कोड न बघता, फक्त लेखातल्या वर्णनावरून पुन्हा बांधायचं. बहुतेक वेळा जमत नाही, कारण वर्णनात काहीतरी राहिलेलं असतं. काय राहिलं त्याची यादी करायची. २००६ साली फोल्कर ग्रिम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मॉडेलचं वर्णन कसं लिहावं याचा 'ओडीडी' नावाचा आराखडा दिला. त्यात कोणती गोष्ट कोणत्या क्रमानं घडते हे लिहायला वेगळी जागा आहे. मुलांना तो फॉर्म भरण्याचा कंटाळा येतो. दुसऱ्याचं मॉडेल बांधताना हात पोळले की येत नाही.

चौथ्या दिवशी आपल्याला आवडलेला निकाल मोडायचा. क्रम बदला, पटाचा आकार बदला, एकेक आकडा हलवा, शंभरदा चालवा. ज्याचं मॉडेल सगळ्यांत आधी मोडेल त्याला शाबासकी.

पाचवा दिवस सगळ्यांत अवघड: ज्यांचं मॉडेल त्यांच्यासमोर. हे माझं खूळ नव्हे. फ्रेंच संशोधकांनी सेनेगल नदीच्या खोऱ्यात पाणीवाटपाचं मॉडेल आधी खेळ म्हणून मांडलं आणि शेतकऱ्यांनाच खेळायला बसवलं. नियम कुठे चुकला हे खेळणाऱ्यांनी सांगितलं. बालीमध्ये स्टीव्हन लान्सिंग हा मानववंशशास्त्रज्ञ भातशेतीचं पाणी वाटणाऱ्या देवळांचा अभ्यास वर्षानुवर्षं करत होता. हरितक्रांतीच्या तज्ज्ञांनी 'जमेल तितक्या वेळा भात घ्या' म्हटलं, देवळांचं वेळापत्रक मोडलं, आणि किडीनं शेतं खाल्ली. लान्सिंगनं जेम्स क्रेमर या परिसंस्थातज्ज्ञाबरोबर दोन नद्यांमधल्या १७२ सुबकांचं, म्हणजे पाणीवाटप गटांचं, मॉडेल बांधलं. ते १९९३ साली छापून आलं. प्रत्येक सुबकानं जास्त पीक आलेल्या शेजाऱ्याचं वेळापत्रक उचलायचं, एवढाच नियम. त्यातून देवळांच्या जाळ्यासारखंच जाळं उभं राहिलं. शेजाऱ्यांनी एकाच वेळी रान मोकळं ठेवलं की कीड उपाशी मरते, पण सगळ्यांनीच तसं केलं तर पाणी पुरत नाही. या ओढाताणीतला समतोल पुजाऱ्यांना माहीत होता आणि तज्ज्ञांना नव्हता. हे मॉडेल मी आजही वर्गात डोळे मिटून दाखवते, कारण त्यातला प्रश्न देवळात विचारलेला होता, सॉफ्टवेअरच्या मेन्यूत सापडलेला नव्हता.

आयोजक म्हणतात, पाच दिवसांत गावात कुठे नेणार? बरोबर आहे, नेता येत नाही. मग पाच दिवसांत मॉडेलिंग शिकवता येत नाही असं म्हणा, आणि प्रमाणपत्रावर 'ओळख' असं छापा. चार महिन्यांचा अभ्यासक्रम करा. त्यात एक महिना कोड, एक महिना दुसऱ्याचं मॉडेल, आणि दोन महिने जिथले नियम लिहायचे आहेत तिथे जाऊन बसणं. प्रयोगशाळेत पेशींचं मॉडेल करणाऱ्यालाही हे लागू आहे. त्यानं पेशी वाढवणाऱ्या बाईंच्या शेजारी दोन महिने बसावं. पेपर कमी निघतील, हे मला मान्य आहे.

नानांना मी नंतर एकदाच भेटले. दुरुस्त केलेलं मॉडेल घेऊन गेले होते: सगळ्या मोटारी एकदम, बोअरची खोली, शेततळी, सगळं घालून. त्यांनी लॅपटॉपवर पाच-सात मिनिटं पाहिलं. मग म्हणाले, "बरं हाये. पर डीपी जळल्यावर आठ-आठ दिवस पानी बंद ऱ्हातं, ते कुठं दिसंना यात."

ते अजून त्यात नाही. ते घालायचं तर डीपी जळली की दुरुस्तीचे पैसे कोण गोळा करतं आणि कोण देत नाही, हे आधी विचारावं लागेल. या मे महिन्यात कार्यशाळेचा फोन आला तर मी नाही म्हणणार आहे. त्या पाच दिवसांत मला जालन्याला जायचं आहे. गाव बोलायला तयार असेल तर.